राजघुशीपुढची रांग

लिफ्टमध्ये कोणीतरी माझ्या मानेवर शिंकलं. नुसता आवाज नव्हे; ओलं, कोमट, केस संपतात आणि कॉलर सुरू होते त्या मधल्या उघड्या पट्टीवर नेमकं. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर त्या शिंकेला एक तोंड मिळालं असतं, त्या तोंडाला दात मिळाले असते, आणि ते सगळं दिवसभर माझ्याबरोबर हिंडलं असतं. मागून "सॉरी हं" असं आलं, तेही मानेवरच. आमचा मजला येईपर्यंत श्वास रोखून, खांदे कानांपर्यंत ओढून उभी राहिले आणि दार उघडल्याबरोबर थेट बाथरूम गाठलं. साबणानं मान धुतली, पुसली, पुन्हा धुतली. कॉलर भिजून पाठीला चिकटली तरी तो कोमटपणा काही जाईना. शेजारच्या बेसिनपाशी हिशेबखात्यातली बाई दात घासत होती. तोंडातून फेस गळत असताना ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. ऑफिसात येऊन दात का घासतात माणसं? मला इथं पाठीमागे फिनेल म्हणतात. ते मला कळल्याला बरीच वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं. फिनेलचा वास आला की निदान एवढं तरी कळतं, की इथून कोणीतरी पुसून गेलंय.

मी भुयारं बांधते. खरी नव्हेत. हजारो माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसून एकाच वेळी जो एक खेळ खेळतात, त्या खेळातली. त्या जगात डोंगर आहेत, बाजार आहेत आणि डोंगरांच्या पोटात भुयारं. आत अंधार, चिखल, काही मारायचं, काही लुटायचं. अशी भुयारं दोन तऱ्हांनी बांधता येतात. एक तऱ्हा उघडी. भुयार एकच, आणि ज्याला वाटेल त्यानं केव्हाही आत घुसावं. मग तुम्ही ज्या राक्षसापायी घाम गाळलात त्याला शेवटचा वार भलताच कोणी करून जातो, ज्या पेटीसाठी आलात ती कोणीतरी आधीच उपसून ठेवलेली असते, आणि वळणावळणावर अनोळखी माणसं रेंगाळत असतात. दुसरी तऱ्हा म्हणजे आम्ही जिला इन्स्टन्स म्हणतो ती. तुमची टोळी दारातून आत गेली की फक्त तुमच्यापुरती त्या भुयाराची एक कोरी प्रत तयार होते. मागून आलेल्या टोळीला तिची वेगळी. त्याच जागी, त्याच वेळी कितीतरी टोळ्या असतात आणि कोणी कोणाला दिसत नाही, कोणाचा श्वास कोणाला लागत नाही. तुमचं काम झालं, तुम्ही बाहेर पडलात, की ती प्रत पुसली जाते. आतला चिखल, रक्त, पावलं, सगळं. स्वर्ग कसा असेल असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, असा.

त्या दिवशी दुपारी उघड्या तऱ्हेचं शेवटचं भुयार बंद करायचं की नाही हे ठरायचं होतं. ते माझंच. नोकरीला लागले तेव्हाचं पहिलं काम. तळाशी एक गटाराचं तोंड आणि त्या तोंडातून वर येणारी राजघूस. बैलाएवढी, ओली, पोटावरचे केस झडलेले, दात पिवळे. ती रंगवणाऱ्या चित्रकाराला मी इतक्या सूचना केल्या की तो शेवटी वैतागून म्हणाला होता, "बाई, तुमची हिची कुठे भेट झालीय का?" राजघूस मारली की काही वेळानं पुन्हा वर यायची, आणि तोवर जमलेली माणसं गटाराभोवती बसून राहायची. बघता बघता तिथं रांग लागायला लागली. ती रांग आम्ही कोणी बांधली नव्हती. आमच्या खेळात रांगेची सोयच नाही. माणसांनीच आपसांत ठरवून टाकलं, की आपापला नंबर आला की घूस मारायची, बाकीच्यांनी हात लावायचा नाही, आणि ती परत उठेपर्यंत गप्पा मारायच्या. गटाराच्या काठावर बसून गप्पा! त्यानंतरची सगळी भुयारं मी प्रतींची बांधली, त्यावर नाव कमावलं, आणि हे एक तेवढं जुनं, गळकं, गर्दीचं राहून गेलं. ते बंद करून त्याच्याही प्रती करायचा प्रस्ताव माझाच होता. आणि आता तो मीच हाणून पाडायच्या विचारात होते. कारण त्या रांगेत माझे वडील बसत होते.

बाबांचं सलून होतं. पुढे दुकान, मागे आम्ही, मध्ये एक पडदा. पडद्यानं माणसं अडत, केस अडत नसत. काळे, पांढरे, कलप लावलेले, आखूड, टोचरे, कोणाकोणाच्या मानेवरचे आणि कानातले केस पाण्याच्या भांड्यात असत, उशीच्या अभ्र्यात असत, साबणाच्या वडीला चिकटलेले असत, माझ्या पुस्तकांच्या शिवणीत जाऊन बसलेले असत. आईनं उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही, केस वेचले. ताटात केस निघाला तर आमच्याकडे कोणी ओरडत नसे; चिमटीत धरून ओढायचा, ताटाच्या कडेला ठेवायचा आणि जेवायचं. आपल्या माणसाचा असता तर एक वेळ चालवून घेतलं असतं. हे जगाचे. दुकान बंद करून बाबा पडदा सारून येत आणि मला उचलून घेत तेव्हा त्यांच्या गळ्यातून, बाह्यांतून दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं माझ्या अंगावर सांडत. मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. त्यांना वाटायचं, केस टोचतात. केस टोचतच होते, पण रडू त्याचं नव्हतं. मला त्या सगळ्या माणसांची शिसारी यायची आणि ती माणसं बाबांच्या अंगावर असायची. मग बाबांना वेगळं कसं काढायचं ते मला कळायचं नाही. आजही कळत नाही.

आणि बाबांची बडबड. बाकावर नंबर लावून बसलेल्या प्रत्येकाशी ते बोलत. कोणाची बायको माहेरी गेली, कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाचा जावई कसा निघाला, सगळं त्यांना तोंडपाठ. कैची चालेल तसं तोंड चाले. मला आठवतो तो एक जाडजूड ठेकेदार. दाढी करताना त्यानं मान हलवली आणि वस्तरा किंचित लागला. रक्ताचा एक ठिपका आला असेल नसेल. तो ताडकन उठला, गालावरचा सगळा फेस त्यानं बोटांनी निपटला आणि बाबांच्या शर्टावर छातीपाशी पुसला. सावकाश, दोन्ही हातांनी, हात पुसायच्या फडक्याला पुसावा तसा. पडद्याच्या फटीतून मी बघत होते. आणि बाबा हसले. "असू दे साहेब," म्हणाले, "शर्ट धुवायलाच टाकायचा होता." मग त्याला परत खुर्चीत बसवून त्यांनी त्याची उरलेली दाढी केली. फेसाची किळस मला आली नसती, फेस रोज बघत होते. त्या हसण्याची आली. तोंडभर, दिलखुलास, खोटंही वाटू नये असं ते हसणं माझ्या घशात अडकलं ते अडकलंच. त्यानंतर बाबा कोणाशीही हसले की मी तिथून उठून जायचे.

आई गेली आणि वर्षभरातच बाबांचे हात थरथरायला लागले. थरथरत्या वस्तऱ्याखाली मान कोण देणार? दुकानाला कुलूप लागलं. मी त्यांना माझ्याकडे घेऊन आले. मुलगी म्हणून आणायला हवं होतं, आणलं. माझं घर म्हणजे दोन खोल्या; त्यात एकही वस्तू अशी नाही जी पुसता येत नाही. बाबांनी आल्या आल्या दातांची कवळी माझ्या पेल्यात ठेवली. सोफ्यावर बसून नखं कापली आणि कात्रणं नीट गोळा करून कुंडीत टाकली, खत होतं म्हणून. सकाळच्या त्यांच्या गुळण्यांनी भिंती हलत. हे सगळं मी दात आवळून सोसलं असतं. पण ते माणसं आणायला लागले. वॉचमनला चहाला घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला घेऊन आले, तो खोकत खोकत माझ्या उशीला टेकून बसला. फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी आग्रह करून माझ्या पलंगावर बसवलं, का, तर बिचारा सकाळपासून उभा आहे. तो गेल्यावर मी चादर, अभ्रे, पडदे सगळं काढून भिजत टाकलं. बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "काल तर धुतलं होतंस ना?" आणि हसले.

मी त्यांना माझा जुना कॉम्प्युटर दिला, आमचा खेळ त्यात घालून दिला, माउस कसा धरायचा ते शिकवलं आणि त्यांना परत त्यांच्या दुकानामागच्या घरी पोहोचवून आले. हा खेळ मी बांधते हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भेटेल त्याला त्यांनी ते सांगितलं असतं. वाटलं होतं चार दिवसांत कंटाळतील. कसले कंटाळतात! माउससुद्धा थरथरायचा, त्यामुळे मारामारी त्यांना जमेना, पण धडपडत त्यांनी बरोबर राजघुशीचं गटार शोधून काढलं आणि तिथं ठाण मांडलं. रांग सापडली होती त्यांना. फोनवर सांगायचे, "अगं, अगदी दुकानासारखं आहे. माणसं येतात, नंबर लावतात, बसतात. एक शिंपी आहे, एक नर्स आहे, एक पोरगा परीक्षेला बसलाय. मीच नंबर बघतो सगळ्यांचे." मग फोन कमी झाले. मग आठवड्याला एक. मी सुटले. कधीतरी फोन ठेवता ठेवता ते म्हणायचे, "इथं करमेनासं झालं की आहेच तुझं घर," आणि मी उठून पेला घासायला घ्यायचे. सरळ हिशेब होता. गटाराकाठची रांग आहे तोवर बाबा तिकडे. रांग गेली की कवळी माझ्या पेल्यात.

म्हणून दुपारच्या मीटिंगसाठी मी एक भाषण तयार केलं होतं. माणसांना माणसं भेटली पाहिजेत, जुन्या खेळाडूंचा जिव्हाळा, सहज जमलेली सोबत, असलं सगळं. लिहिताना माझीच मला लाज वाटली, पण वाक्यं छान जमली होती. मीटिंगच्या खोलीत एसीचा कुबट वास होता. साहेब बोटाला थुंकी लावून कागद उलटत होते आणि तेच बोट बिस्किटांच्या बशीत घालत होते. मान अजून ओली वाटत होती. आमच्याकडे खेळाडूंचे आकडे ठेवणारा एक हुशार पोरगा आहे, सगळे त्याला आकडेवाला म्हणतात. त्यानं पडद्यावर आदल्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. गटाराचं तोंड, भोवती उकिडवी बसलेली माणसं, आणि मधे हातात दिवा धरून येरझारा घालणारी एक वाकडी आकृती. डोक्यावर नाव, 'वस्तरा'. त्या आकृतीच्या तोंडून अक्षरं उमटत होती, एकेक, अडखळत. 'तुमचं झालं, आता ताईंचं.' 'बसा हो, उठेलच आता.' 'पुढचा या.'

"हा बघा आपला हिरो," आकडेवाला म्हणाला. "रोज असतो. आजपर्यंत एकदाही घूस मारलेली नाही यानं."

"मग करतो काय?" साहेबांनी विचारलं.

"नंबर लावतो. दुसऱ्यांचे." खोलीत हशा पिकला. "बाथरूमच्या कोपऱ्यात कसं बुळबुळीत साचतं, तशी असतात ही माणसं. नवीन खेळाडू येतो, ही रांग बघतो आणि खेळ सोडून जातो. आता पुढे बघा, मजा आहे."

पुढे एक चिलखतवाला आला. धिप्पाड, झगमगता, अंगावर महागाची पिसं. सरळ रांग ओलांडून पुढे घुसला. वस्तरा दिवा घेऊन आडवा गेला. 'साहेब, नंबर आहे, जरा बसता का?' चिलखतवाल्याचं उत्तर आलं, 'सरक रे म्हाताऱ्या,' आणि त्यानं थुंकायची खूण केली. आमच्या खेळात थुंकायची एक खूण आहे. घुशीला डिवचता यावं म्हणून मीच ती घातली होती, पिचकारी कशी उडावी ते दाखवून. ती पिचकारी वस्तऱ्याच्या तोंडावर उडाली. चिलखतवाल्यानं एका फटक्यात घूस मारली आणि तो निघून गेला. आणि वस्तरा हसला. खेळात हसायचीही खूण आहे; खांदे हलतात, मान मागे जाते. मग अक्षरं उमटली, एकेक, अडखळत. 'असू दे. आपण पुढच्या खेपेला मारू.'

खोली हसून लोळत होती. साहेबांच्या तोंडातून बिस्किटाचा भुगा टेबलावर उडाला. मला त्या पोराचा राग यायला हवा होता, साहेबांचा यायला हवा होता, आणि मला किळस आली ती बाबांची. पुन्हा तेच. इतक्या वर्षांनी, चित्रातल्या अंगानं, चित्रातल्या गटाराकाठी, जगाची थुंकी तोंडावर घेऊन तसेच हसतायत. कोणीतरी यांना इथून उचला, असं मला वाटलं. कोणाच्याही तोंडासमोर राहायला नकोत, कोणाचंही काही त्यांच्या अंगावर उडायला नको, आणि मला ते दिसायला तर मुळीच नको.

"भुयार तुझं, प्रस्ताव तुझा," साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "सकाळी म्हणालीस की थोडं बोलायचंय. काय ते बोल, तू म्हणशील तसं करू."

भाषण मला शब्दन् शब्द पाठ होतं. "बंद करा," मी म्हणाले. "याच आठवड्यात."

मग मी बाबांच्या येण्याची तयारी केली. दुसरं काय करणार? लहान खोली रिकामी केली. बाजारात जाऊन वेगळा पेला, वेगळी बादली, वेगळा टॉवेल, खाली अंथरायला प्लास्टिक असं आणलं. दुकानातली बाई म्हणाली, "घरात कोणाला साथीचं काही झालंय का?" मी म्हटलं, "नाही, वडील येणारेत." तिनं सुटे पैसे देताना माझ्याकडे पाहिलं नाही. भुयार बदललं त्या दिवशी मी फोन हाताशी ठेवून बसले होते. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, त्यांचा नेहमीचा फोनही चुकला. शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी मीच केला.

"बाबा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? मजेत आहे."

"करमतं का?"

"न करमायला काय झालं? जातो की रोज भुयारात."

"कोण कोण असतं तिथं?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला.

"असतात चारसहाजण," बाबा म्हणाले. "आज जरा कमी आहेत. बरं, ठेवू? माझा नंबर येईल." आणि त्यांनी फोन ठेवला.

चारसहाजण असणं शक्यच नव्हतं. एकट्यानं दारातून आत जाणाऱ्याला एकट्याचीच प्रत मिळत होती. तशी ती मीच बांधली होती. टोळी करून जायचं तर कोणीतरी तुम्हाला टोळीत घ्यावं लागतं, आणि थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याला कोण घेणार? मी ऑफिसला गेले. सुट्टीचं ऑफिस मला फार आवडतं. फरशी पुसलेली, खुर्च्या रिकाम्या, कोणाचा वास नाही. त्या दिवशी मात्र त्या स्वच्छतेत मला गुदमरायला झालं. चालू असलेल्या प्रती मला माझ्या टेबलावरून दिसतात. भराभर उघडत होत्या, घूस मरत होती, पुसल्या जात होत्या. एकच प्रत सकाळपासून उघडी होती. आत माणूस एक. घूस जिवंत.

कुठल्याही प्रतीत शिरता यावं म्हणून आमच्याकडे तपासणीचं एक पात्र असतं. साधं, करड्या रंगाचं, डोक्यावर नाव नसलेलं. एरवी ते कोणाला दिसत नाही. मी ते दिसेलसं केलं आणि आत गेले. चिखल कोरा होता, एकही पाऊल नाही. राजघूस गटाराच्या तोंडात बसून श्वास घेत होती. प्रतीतली घूस तुम्ही तिच्या रिंगणात पाय टाकल्याशिवाय हलत नाही. त्या रिंगणाच्या अगदी कडेला, दिवा बाजूला ठेवून, वस्तरा बसला होता. मला बघितल्याबरोबर तो उठून उभा राहिला.

'या या! बसा,' अक्षरं उमटली. 'आज गर्दी नाही. लगेच नंबर लागेल.' मग, 'नाव दिसत नाही तुमचं.'

'ठेवलं नाही,' मी लिहिलं.

'असू दे. सुट्ट्या लागल्यात वाटतं. बरेच दिवस कोणी फिरकलं नाही.'

मी विचारलं, 'तुम्ही का मारत नाही तिला?'

'हात थरथरतो हो माझा. आणि समजा मारली, आणि तेवढ्यात कोणी आलं, तर त्याला उगाच ताटकळत बसावं लागेल. ठेवलीय तशीच.'

सकाळपासून, कदाचित रोज सकाळपासून, ते त्या घुशीसमोर बसत होते. जो येणार नव्हता त्याचा नंबर राखत. मला हे सहन होईना. मी लिहिलं, 'आता कोणी येणार नाही. त्यांनी प्रत्येकाला वेगळं भुयार दिलंय. हीच जागा, पण ज्याची त्याची.'

वस्तऱ्यानं मान वळवून रिकाम्या चिखलाकडे पाहिलं. मग, 'म्हणजे शिंपी, नर्स, सगळे इथंच बसलेत?'

'इथंच.'

'आणि आम्ही एकमेकांना दिसत नाही?'

'नाही.'

'कमाल आहे. कोणाच्या डोक्यातून निघालं हे?' तेच पुढे लिहू लागले, 'असेल कोणीतरी बिचारा. गर्दीचा त्रास होतो काहींना. माझ्या मुलीलाही होतो.'

इथं थांबावं, बाहेर पडावं, प्रत पुसून टाकावी. पण मी लिहिलं, 'मग मुलीकडे का नाही जात राहायला? इथं एकट्यानं बसण्यापेक्षा?'

'छे छे. मी गेलो की तिच्या आंघोळी वाढतात.' त्यापुढे हसायची खूण. खांदे हलले, मान मागे गेली. 'चांगली आहे हो पोर. तोंडानं कधी चकार शब्द नाही. पण मी ज्या खुर्चीवरून उठतो ती खुर्ची पुसली जाते. मग मी हसतो. हसलो नाही तर तिला कळेल ना, की मला दिसलं. मधेमधे फोनवर म्हणतो, येईन हं तुझ्याकडे. नाही म्हटलं तर तिला वाटायचं, बाप रागावलाय. पण जात नाही.'

समोरच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. मी नजर खाली वळवली. 'राग नाही येत तुम्हाला?'

'कसला राग? जगाचे केस अंगावर घेऊन घरात शिरायचो मी. दुकान होतं माझं सलूनचं. खरं सांगू? मलाही यायची शिसारी. दुसऱ्याच्या नाकातले, कानातले केस कापायला कोणाला आवडतं? सुरुवातीला मी मागच्या दारी जाऊन ओकायचो. पण माणूस डोळे मिटून मान आपल्या हातात देऊन बसलेला असतो. त्याला ते कळू द्यायचं नसतं. पोर माझ्यावरच गेलीय. तिला फक्त लपवता येत नाही.'

मला ओकारी आली असती तर बरं झालं असतं. आली ती एका स्वच्छ, कोरड्या बाईची किळस, जिच्या टेबलावर धुळीचा कण नाही आणि जिनं आपल्या बापाला घाबरून, त्याच्यासाठी वेगळी बादली आणून ठेवली. त्या बापासाठी, जो कधी येणारच नव्हता. मी कीबोर्डवर हात ठेवून बसले होते. 'बाबा' एवढी दोन अक्षरं लिहिली की झालं असतं. मी लिहिलं, 'मला घाई नाही. घूस राहू दे. बसते थोडा वेळ.' ती मारली असती तर प्रत बंद झाली असती आणि आम्ही दोघंही बाहेर फेकले गेलो असतो.

'बसा ना, बसा,' बाबा खूश झाले. 'तेवढंच बोलणं होतं. घरी कोण कोण असतं तुमच्या?'

'वडील आहेत,' मी लिहिलं.

'अरे वा. तुमच्याजवळच असतात?'

घूस श्वास घेत होती. पोट वर, पोट खाली. ती मीच तशी करवून घेतली होती. 'हो,' मी लिहिलं.

'नशीबवान आहे म्हातारा,' बाबांनी लिहिलं, आणि त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या भुयारात दिवा उचलून जरा बाजूला सरकत मला बसायला जागा करून दिली.